अंगावरून वारं जाण्याआधी

गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या मृत्यूंची कारणे ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी शोधली. घरोघर जाऊन नातेवाइकांना शेवटच्या दिवसांची हकिगत विचारली गेली आणि त्यावरून डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ठरवले. सुमारे ९४ हजारांच्या वस्तीत १५९९ माणसे गेली होती. जंगलाने वेढलेला, हिवतापाने गांजलेला हा जिल्हा. यादीत सर्वांत वर ताप, क्षय किंवा अतिसार असेल असे कोणालाही वाटले असते. तिथे पक्षाघात होता. २२९ मृत्यू, म्हणजे दर सातांतील एक, अंगावरून वारं गेल्याने झाला होता. त्या २२९ पैकी ८७ टक्के माणसांनी घरीच प्राण सोडला. निम्म्याहून थोडी कमी माणसे झटक्यानंतर महिन्याच्या आत गेली. उरलेली त्यानंतर कधीतरी गेली, अनेक जण महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून.

पक्षाघात हा श्रीमंत देशांचा, शहरांचा, खाऊनपिऊन सुखी असलेल्या म्हाताऱ्यांचा आजार आहे, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. आपल्या आरोग्यधोरणाच्या मनातून मात्र ती अजून पुरती गेलेली नाही. या आजाराचा लांबचा इतिहास पाहिला की एक गोष्ट लख्ख दिसते. जिथे जिथे पक्षाघाताचे मरण मागे हटले, तिथे ते मोठ्या यंत्रांच्या आधी रक्तदाबाच्या पट्ट्याने, रोजच्या स्वस्त गोळीने आणि ताटातले मीठ कमी केल्याने हटले. हे ज्ञान अर्ध्या शतकाहून जुने आहे. त्याच्या उगमापाशी भारतातली एक वनस्पती आणि मुंबईतला एक डॉक्टर उभा आहे. जगाला जे आपण दिले, ते आपल्याच गावकुसापर्यंत पोचवायचे राहून गेले. सार्वजनिक आरोग्याच्या खात्यावर यापेक्षा मोठी थकबाकी शोधून सापडणार नाही.

प्राचीन वैद्यांना हा आजार चांगलाच ओळखीचा होता. चरकसंहितेने त्याला वातव्याधींत स्थान दिले. ग्रीक वैद्यांनी जोराच्या झटक्यापुढे हात टेकले होते. शरीरात नेमके काय बिघडते हे कळायला १६५८ साल उजाडावे लागले. स्वित्झर्लंडमधील शाफहाउसेनच्या योहान याकोब वेपफर या वैद्याने झटक्याने मेलेल्यांची शवविच्छेदने करून मेंदूत झालेला रक्तस्राव दाखवून दिला. कारण हाती आले, तरी पुढची अडीचशेहून अधिक वर्षे उपाय सापडला नाही. ज्या दाबाने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुटतात किंवा झिजून बंद होतात, तो दाब रुग्णाच्या खाटेपाशी मोजण्याची सोपी सोयच नव्हती. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी स्टेथोस्कोप लावून वरचा व खालचा आकडा ऐकण्याची रीत दिली. आज आरोग्यसेविका जी रीत वापरते, ती मुळात हीच.

मोजता येऊ लागले, पण वाढलेल्या आकड्याचे करायचे काय, हे माहीत नव्हते. वयाबरोबर रक्तदाब चढायचाच, तो खाली आणणे धोक्याचे, असे मानणारे नामवंत डॉक्टर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. त्यानंतर वर्षभर ते महायुद्ध चालवत राहिले, याल्टाच्या परिषदेला गेले. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके भयंकर दुखत असल्याचे सांगून ते कोसळले. त्या वेळी मोजलेला दाब ३००/१९० होता आणि काही तासांत ते गेले. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला देण्याजोगे चांगले औषध त्या दिवशी पृथ्वीवर कुणाकडेच नव्हते.

चार वर्षांनी ते मुंबईतून पुढे आले. सर्पगंधेचे मूळ भारतीय वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले होते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग नोंदवला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातली रासायनिक द्रव्ये वेगळी केली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे पद्धतशीर वापर करून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. तो लेख वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध अमेरिकेत वापरून पाहिले. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

कथा तिथे थांबली असती, तर ती अभिमानाने सांगण्याची एक जुनी गोष्ट राहिली असती. खरे महत्त्व पुढच्या दशकात कळले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी एक काटेकोर प्रयोग केला. रुग्णांचे दोन गट केले. एकाला तीन औषधे दिली, दुसऱ्याला औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. त्या तीन औषधांतले एक होते रिसर्पिन. १९६७ मध्ये पहिला निकाल आला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी औषधाविना राहिलेल्या गटात २७ जणांवर गंभीर संकट ओढवले, औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांवर. १९७० मध्ये त्याहून कमी दाब असलेल्या ३८० पुरुषांचा निकाल आला. औषधाविना गटात २० पक्षाघात, औषध घेणाऱ्यांत ५. रक्तदाब उतरवला की पक्षाघात टळतो, ही गोष्ट त्या दिवशी मतमतांतरांतून बाहेर पडून सिद्ध ज्ञानात जमा झाली. ते सिद्ध करणाऱ्या औषधांत एक आपल्या रानातले होते.

या ज्ञानाचे एखाद्या समाजाला काय करता येते, ते जपानने दाखवले. युद्धात बेचिराख झालेल्या त्या देशात १९५१ पासून १९८० पर्यंत पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. उत्तरेकडच्या अकिता प्रांतात परिस्थिती सर्वांत बिकट होती. लांबलचक हिवाळा, खारवलेल्या भाज्या, खारट मिसो आणि ऐन कर्त्या वयात झटका येऊन पडणारी शेतकरी माणसे. जपानने गावोगाव रक्तदाब तपासणी सुरू केली. अकितातल्या इकावा गावात ती १९६३ पासून चालू झाली. आरोग्यसेविका घरी जाऊन स्वयंपाकातले मीठ कमी करायला शिकवू लागल्या. १९६१ पासून प्रत्येक नागरिकाला आरोग्यविमा मिळाल्याने गोळीसाठी खिशाकडे पाहावे लागेनासे झाले. त्यानंतर पक्षाघाताचे मृत्यू इतक्या वेगाने उतरले की जपानी माणसाचे आयुर्मान जगात सर्वांत वर जाण्यात या उताराचा मोठा वाटा राहिला. मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग तेव्हा सिद्धही झाला नव्हता.

भारतात याच काळात काय घडत होते? आपण अजून नीट मोजतही नव्हतो. १९७० च्या आसपास वेल्लोर आणि रोहतक येथे वस्तीवर आधारित पहिल्या पाहण्या झाल्या. १९८८ मध्ये डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी प्रसिद्ध केली. त्या वृद्धबहुल समाजात दर लाखामागे ८४२ माणसे पक्षाघात झालेली आढळली. नव्या शतकात चित्र अधिक स्पष्ट झाले. कोलकात्यात ५२ हजारांवर लोकांच्या पाहणीत वयानुसार समायोजित केलेला दर वर्षाला लाखामागे १४५ नवे झटके असा निघाला. तिरुवनंतपुरमच्या २००५ च्या नोंदणीत तो शहरात १३५ आणि ग्रामीण भागात १३८ होता. मुंबईच्या एच वॉर्डात डॉ. दलाल यांच्या चमूने २००५ आणि २००६ या दोन वर्षांत पंचविशीपुढच्या दीड लाखांवर रहिवाशांमधून ४५६ पहिले झटके नोंदवले. समायोजित दर १५२ होता. तीन शहरे, तीन वेगळे चमू, आणि आकडे जवळपास सारखे.

जगभरच्या अशा पाहण्या एकत्र करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने कठोर निष्कर्ष मांडला. चार दशकांत श्रीमंत देशांत पक्षाघाताचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते दुपटीहून अधिक झाले. २००० नंतर प्रथमच गरीब देशांचा दर श्रीमंत देशांच्या पुढे गेला. २०२१ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ कोटी १९ लाख लोकांना नव्याने पक्षाघात होतो, सुमारे ७३ लाख त्याने मरतात, आणि त्यातले ८७ टक्के मृत्यू गरीब व मध्यम देशांत होतात.

आयुर्मान वाढले म्हणून म्हातारपणाचे आजार वाढले, हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, आज ते सत्तरीला पोचले आहे, आणि ही मिळवलेली वर्षे मौल्यवानच आहेत. पण जपानी माणूस आपल्याहून अधिक जगतो आणि तरीही त्याच वयात पक्षाघाताने आपल्याहून कमी मरतो. बत्तीस देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या मोठ्या अभ्यासाने दाखवले की पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के भार दहा बदलता येण्याजोग्या कारणांतून येतो. त्या दहांत उच्च रक्तदाब सर्वांत वर आहे. आपल्याकडे त्याला लोणचे, पापड, फरसाण, शेंगदाण्याच्या पुडीवरचे मीठ, मिश्री, तंबाखू आणि विदर्भात खर्रा यांची जोड मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के जणांना उच्च रक्तदाब आढळला. यातल्या बहुतेकांना काही दुखत नाही. दुखत नाही म्हणून ते दवाखान्यात जात नाहीत, आणि गेले तरी आकडा उतरल्यावर ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडतात.

झटका आलाच, तर जगण्याची शक्यता किती? इथे आकडे फार बोलके आहेत. मुंबईच्या नोंदणीत २८ दिवसांत सुमारे ३० टक्के रुग्ण गेले. कोलकात्यात ३० दिवसांत ४१ टक्के. तिरुवनंतपुरमचा निकाल सर्वांत जास्त विचार करायला लावणारा आहे. शहर आणि खेडे, दोन्हीकडे आजाराचे प्रमाण जवळपास एकच होते. पण २८ दिवसांतला मृत्यू शहरात २४.५ टक्के, तर खेड्यात ३७.१ टक्के होता. हे सारे केरळमध्ये, देशातल्या सर्वांत चांगल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या राज्यात. झटका दोन्ही ठिकाणी सारखाच आला, वाचणे मात्र पत्त्यावर ठरले.

त्यामागची कारणे गूढ नाहीत. बहुतांश झटके मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्याने येतात. मुंबईत असे रुग्ण ८० टक्के होते. ही गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग १९९५ मध्ये सिद्ध झाला, आणि २००८ च्या प्रयोगानंतर ते देण्याची मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मात्र रक्तस्राव झालेल्या रुग्णाला हेच औषध घातक ठरते, म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. गडचिरोलीच्या एखाद्या गावातून सीटी स्कॅनपर्यंत पोचायला साडेचार तास पुरतात का, हे ज्याने तिथला पावसाळा पाहिला आहे त्याला विचारावे. त्याआधी घरात तेलाची मालिश, देवऋषी आणि ‘सकाळी बघू’ यांत वेळ गेलेला असतो. याचा दोष गावकऱ्यांवर टाकता येत नाही. रात्री गाठता येईल असा दवाखाना जवळ असता, तर ते सकाळपर्यंत थांबले नसते.

ही अडचण सोडवता येते, हे हिमाचल प्रदेशाने दाखवले आहे. तिथे २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतले फिजिशियन स्कॅनची छायाचित्रे मोबाइलवर मेंदूविकारतज्ज्ञाला पाठवतात आणि त्याच्या सल्ल्याने गुठळी विरघळवणारे औषध देतात. ते औषध सरकार मोफत पुरवते. डोंगराळ हिमाचलला जे जमले, ते घाटमाथ्यावरच्या आणि मेळघाटातल्या महाराष्ट्राला न जमण्याचे कारण नाही. त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे पक्षाघाताच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष. १९९० च्या दशकातल्या युरोपीय प्रयोगांनी दाखवले की गिळता येते का हे तपासूनच तोंडाने खाऊ घालणे, ताप आणि साखर यांवर लक्ष ठेवणे, कूस बदलत राहणे, लवकर उठवून बसवणे, एवढ्या काळजीनेही मृत्यू आणि परावलंबित्व घटते. यासाठी लागतात प्रशिक्षित परिचारिका आणि एक फिजिओथेरपिस्ट.

वाचलेल्या माणसाच्या पुढच्या वर्षांचा विचार आपण सर्वांत कमी केला आहे. लुई पाश्चर यांना १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पक्षाघात झाला आणि डावी बाजू कायमची अधू राहिली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस त्यांनी त्यानंतर, १८८५ मध्ये दिली. झटक्यानंतरही आयुष्य उरते, त्यात काम उरते. भारतात मात्र पुनर्वसनाचा सारा भार सुनेवर, बायकोवर, मुलीवर पडतो. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ या अभ्यासात कुटुंबीयांनाच व्यायाम शिकवून घरी पुनर्वसन करण्याची कल्पना तपासली गेली. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी असे शिकवलेला गट आणि नेहमीचेच उपचार घेणारा गट, दोन्हींत मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण ४७ टक्केच होते. घरच्या माणसांच्या मायेत काही कमी नव्हते. पण प्रशिक्षित माणसाची जागा केवळ मायेने भरत नाही, हे त्या निकालाने सांगितले.

उपदेशालाही अशीच मर्यादा आहे. ३१ केंद्रांतील चार हजारांहून अधिक भारतीय रुग्णांना वर्षभर बारा भाषांत लघुसंदेश, चित्रफिती आणि पुस्तिका देणाऱ्या ‘स्प्रिंट इंडिया’ प्रयोगात दुसरा झटका टाळण्यात फरक पडला नाही. दर २९ ऑक्टोबरला, जागतिक पक्षाघात दिनी, फलक लावून आणि मॅरेथॉन काढून समाधान मानणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. माहितीच्या पाठोपाठ घराजवळ गोळी आणि मोजमाप हवे.

ते देण्याचा मार्गही आपल्याच हाती आहे. २०१७ अखेर सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा होते. त्याची सूत्रे साधी आहेत. सगळ्या केंद्रांत एकच औषधक्रम, औषधांचा न तुटणारा साठा, रुग्णाला एकावेळी किमान महिन्याच्या गोळ्या, डॉक्टरसोबत परिचारिका आणि आशाताईंचा वाटा, आणि जो रुग्ण परत आला नाही त्याचा शोध. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या उपक्रमाचा गौरव केला. आता प्रश्न तो प्रत्येक उपकेंद्रावर बारा महिने टिकण्याचा आहे. मार्चअखेर निधी संपला म्हणून जुलैपर्यंत गोळी नाही, असे एकदा घडले तरी रुग्णाचा विश्वास उडतो, आणि सुटलेली गोळी तो पुन्हा धरेलच असे नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. उपकेंद्रावर रक्तदाबाच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा राखीव साठा असावा आणि स्थिर रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, म्हणजे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्याची मात्रा चुकणार नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चोवीस तास चालणारा सीटी स्कॅन, मोफत गुठळीविरोधी औषध आणि पक्षाघाताचा वेगळा कक्ष हवा. तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट हवा. आणि मोजणी हवी. देशात वस्तीवर आधारित पक्षाघात नोंदणी कटक, तिरुनेलवेली, कछार, कोटा आणि वाराणसी येथे उभी राहिली. या पाचांत महाराष्ट्राचे नाव नाही. मुंबई आणि गडचिरोलीने ज्या राज्यात मोजणीचा पाया घातला, त्या राज्याने कायमस्वरूपी नोंदणी उभारू नये हे खेदाचे आहे.

आरोग्याच्या राजकारणात उद्‌घाटनाची फीत कापता येईल अशा इमारतीला भाव येतो. रोजच्या गोळीला फीत नसते, आणि न आलेल्या झटक्याची बातमी होत नाही. ही अडचण मतदारच दूर करू शकतात. जिल्हा परिषदेने दरवर्षी आपल्या हद्दीतला एक आकडा जाहीर करावा: उच्च रक्तदाबाच्या किती रुग्णांचा दाब १४०/९० च्या खाली आहे. तो आकडा रस्त्यांच्या आणि पाण्याच्या आकड्यांसारखाच ग्रामसभेत वाचला जावा, आणि तो घसरला तर जबाबदार माणसाला उत्तर द्यावे लागावे. वकील यांचा लेख छापला गेल्याला पाऊणशे वर्षे उलटली आहेत. यापुढे आपल्या राज्यात औषधाअभावी येणारा प्रत्येक पक्षाघात हा प्रशासनाच्या कामगिरीचा हिशेब मानला पाहिजे.